टुंड्रावर काम करायचंय? सुरुवात चौरस मीटरभर जमिनीपासून

ध्रुवीय वनस्पतींचा अभ्यास म्हटलं की बर्फ डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात उन्हाळाभर आपण चौरस मीटरभर प्लॉटसमोर गुडघे टेकून असतो. चौकटीवर ताणलेल्या दोऱ्यांचे शंभर छेदबिंदू. प्रत्येक ठिकाणी बारीक सळई खाली सोडायची आणि ती कशाकशाला लागते ते लिहायचं: हिरवं पान, वाळकं पान, मॉस (शेवाळासारखी बुटकी वनस्पती), लायकेन (दगडफुलाच्या जातीचं), उघडी माती. बोटं बधिर होतात, पण शेवटच्या बिंदूलाही पहिल्याइतकंच लक्ष द्यावं लागतं, कारण काही वर्षांनी दुसरंच कुणीतरी याच बिंदूंवर सळई सोडणार असतं. टुंड्रा हिरवा होतोय हे उपग्रह सांगतो. ती हिरवाई खुज्या बर्च झुडपांची की गवताची, हे इथेच कळतं.

१९९० मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगाची, म्हणजे आयटेक्सची, पद्धत आधी समजून घ्या. वरून उघडे पारदर्शक कक्ष वारा अडवतात आणि आतली हवा साधारण एक ते तीन अंशांनी गरम ठेवतात. अलास्का, स्वीडन, नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह अशा अनेक ठिकाणी हेच कक्ष आहेत, म्हणून तुलना करता येते. एकंदरीत आत झुडपं आणि गवतं उंचावतात, मॉस-लायकेन मागे पडतात.

उन्हाळा मोजला की झालं, असं मात्र समजू नका. भर हिवाळ्यात पाऊस पडला की पाणी गोठून झाडांभोवती बर्फाचा कडक थर धरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात कॅसिओपीसारखी सदाहरित झुडपं तपकिरी पडलेली दिसतात. माझ्या मते या विषयातला सगळ्यात कमी लेखला जाणारा भाग हाच. जमिनीलगतच्या तापमानाचे लॉगर (आपोआप नोंद ठेवणारी उपकरणं) वर्षभर चालू हवेत.

तयारी म्हणाल तर फुलाविना, नुसत्या पानावरून झाड ओळखायला शिका. ध्रुवीय विलो जमिनीवर जेमतेम काही सेंटिमीटर उठतो, फुलाची वाट बघत बसलात तर हंगाम संपतो. मॉस ओळखणारे थोडेच असतात, त्यामुळे ते येत असेल तर कुठलाही संशोधन गट तुम्हाला आनंदाने घेईल. अंटार्क्टिकात तर स्थानिक सपुष्प वनस्पती दोनच, बाकी राज्य मॉस आणि लायकेनचं. सोबत आर (R) ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा आणि त्यातली मिश्र-परिणाम (मिक्स्ड-इफेक्ट्स) मॉडेल्स शिका, कारण एका जागेवरचे प्लॉट एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

स्वालबार्डला जाणार असाल तर ध्रुवीय अस्वलांपासून बचावाचं प्रशिक्षण आधी उरका. आणि गटाला पत्र लिहिताना नुसती आवड कळवू नका. जून ते ऑगस्ट मोकळे आहात का ते सांगा, त्यांच्या जुन्या नोंदींतला एखादा प्रश्न विचारा, आणि प्लॉटचे जुने फोटो व नोंदपत्रकं मागवून घ्या.