हिरव्याखालचा गेरू : सॉफ्ट पेस्टलमध्ये भातखाचरे कशी रंगवावीत

भाद्रपदात पुणे जिल्ह्यातल्या पवन मावळातील भातखाचरांसमोर रंगपेटी उघडून बसणाऱ्याला पहिली अडचण येते ती हिरव्याची. नजर जाईल तिथवर हिरवेच पसरलेले असते, पेटीतही हिरव्या कांड्या आठ-दहा तरी असतात, आणि तरीही त्यांतली कोणतीही कांडी पांढऱ्या कागदावर सरळ ओढली की ती हिरवाई भडक आणि खोटी दिसू लागते. ही अडचण सोडवायला सॉफ्ट पेस्टलइतके चांगले माध्यम नाही, असे माझे मत आहे. तेलरंगात किंवा जलरंगात चित्रकार रंग पॅलेटवर कालवतो आणि मग कागदावर आणतो. पेस्टलमध्ये तो कागदावरच, एकावर एक आणि एकाशेजारी एक ठेवून घडवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक रंगाकडे नीट पाहावे लागते, आणि रंगांचे खरे प्रेम याच पाहण्यातून वाढते.

येथे सॉफ्ट पेस्टल म्हणजे शाळेत वापरले जाणारे तेलकट खडू नव्हेत. सॉफ्ट पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्याची पूड, थोडी खडूची किंवा चिनी मातीची भुकटी आणि ती एकत्र धरण्यापुरता अगदी अल्प डिंक असतो. रंगकणांभोवती तेलाचे किंवा व्हार्निशचे आवरण नसल्यामुळे उजेड थेट कणांवर पडून परततो, म्हणून हा रंग इतका टवटवीत दिसतो. आणि पिवळे पडणारे तेलच त्यात नसल्यामुळे जुनी पेस्टल चित्रे आजही ताजी वाटतात. शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने डोळ्यांच्या त्रासामुळे उतारवयात तेलरंग बाजूला ठेवून पेस्टल हाती घेतले. त्याने 1771 मध्ये केलेले चष्मा लावलेले आत्मचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. गालाच्या कातडीवरचे निळसर आणि हिरवट फटकारे त्यात वेगवेगळे ओळखू येतात, आणि तरीही दोन पावले मागे सरकले की ती कातडीच वाटते. आपल्याला भाताच्या पातीबाबत नेमके हेच साधायचे आहे.

साहित्याबद्दल थोडक्यात. कॅमलसारख्या देशी कंपनीची सॉफ्ट पेस्टलची पेटी सुरुवातीला पुरेशी आहे. तिच्या जोडीला एखाद्या परदेशी कंपनीच्या अतिशय मऊ अशा पाच-सहा सुट्या कांड्या घ्याव्यात, म्हणजे शेवटचे उजळ फटकारे मारता येतात. सुट्या कांड्या घेताना वेष्टनावरील रंगद्रव्याचा क्रमांक पाहावा. पीआर 101 म्हणजे लाल लोह ऑक्साइड, आपल्या गेरूचाच सख्खा भाऊ. पीजी 17 म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा मंद, भरीव हिरवा, जो भाताला फार शोभतो. आणि पीजी 7 म्हणजे थॅलो हिरवा, जो अतिशय तीव्र असल्याने निसर्गचित्रात जपून वापरावा. चमकदार फ्लुरोसंट गुलाबी आणि जांभळ्या कांड्या उजेडाने लवकर उडतात, त्या न घेतलेल्याच बऱ्या.

पैसे वाचवायचे असतील तर ते कांड्यांवर वाचवावेत, कागदावर नव्हे. गुळगुळीत कार्ट्रिज कागदावर रंगाचे दोन थर बसतात आणि तिसरा घसरू लागतो. कागदाला दात हवेत, म्हणजे रंगकण अडकून बसतील असा खरखरीतपणा हवा. पेस्टलसाठी वाळूकागदासारखा पृष्ठभाग असलेले खास कागद मिळतात, त्यांतला 400 क्रमांकाचा कागद या कामाला योग्य आहे. तो महाग वाटत असेल तर जाड जलरंगी कागदावर अॅक्रेलिक जेसोमध्ये, म्हणजे कॅनव्हासला देतात त्या पांढऱ्या अस्तरात, प्युमिस या सच्छिद्र दगडाची बारीक पूड मिसळून त्याचे दोन हात द्यावेत, दुसरा हात पहिल्याला आडवा. असा घरचा कागद उत्तम काम देतो, आणि ब्रशच्या खुणा राहिल्या तरी त्या गवताच्या पोतात उपयोगी पडतात.

आता सर्वांत महत्त्वाची तयारी, जी बहुतेक जण टाळतात. पेटीतल्या कांड्या बाहेर काढून त्या रंगांनुसार न लावता उजळपणानुसार लावाव्यात. चार कप्पे पुरतात : सर्वांत गडद, मध्यम गडद, मध्यम उजळ आणि सर्वांत उजळ. गडद कप्प्यात काळपट हिरव्याशेजारी आमसुली, किरमिजी आणि गडद निळा येतील. उजळ कप्प्यात लिंबोणी, अबोली, दुधी आणि फिका आकाशी एकत्र बसतील. एखाद्या कांडीबद्दल शंका आली, तर तिचा फटकारा शेजारच्या कांडीच्या फटकाऱ्याजवळ ओढून मोबाइलच्या कृष्णधवल छायाचित्रात दोन्ही पाहावेत. या मांडणीमुळे एक मोठे स्वातंत्र्य मिळते. उजळपणा बरोबर असेल, तर रंग वाटेल तो घेता येतो, आणि झाडाची सावली जांभळी केली तरी ती सावलीच दिसते. ओदिलाँ रेदाँ या फ्रेंच चित्रकाराने आयुष्याची कित्येक वर्षे कोळसा आणि शिळाछाप यांच्या काळ्या रंगातच काम केले आणि 1890 च्या दशकात तो पेस्टलच्या रंगांकडे वळला. त्याची निळी-केशरी फुले इतकी धीट असूनही डळमळत नाहीत, कारण उजेड-अंधाराची जाण त्याच्या हातात आधीच मुरलेली होती.

जागेवर बसल्यावर प्रथम सुमारे पाच गुणिले सात सेंटिमीटरचे छोटे रेखाटन पेन्सिलने करावे आणि त्यात फक्त चार छटा भराव्यात. मागे तिकोन्याचा किंवा तुंगचा डोंगर, मध्ये झाडांची रांग, पुढे खाचरे आणि त्यांचे बांध, एवढेच आकार पुरेत. साधारणपणे आकाश सर्वांत उजळ, त्याखालोखाल सपाट जमीन, मग डोंगराचा उतार आणि सर्वांत गडद उभी झाडे, असा क्रम असतो. मात्र पावसाळी ढग दाटून आलेले असताना कधी कधी भाताचे शेत आकाशापेक्षा उजळ दिसते, आणि ज्या दिवशी असे दिसेल तो दिवस सोडू नये. ओल्या हिरव्यामागे राखी आकाश आले की दोघांचेही तेज वाढते, आणि सह्याद्रीच्या बाहेर असे दृश्य मी क्वचितच पाहिले आहे.

रेखाटन मोठ्या कागदावर उतरवल्यावर पहिला थर द्यायचा तो हिरव्याचा नव्हे. खाचरांच्या जागी गेरूच्या आणि वांगी रंगाच्या कांड्या आडव्या धरून हलके फिरवाव्यात. उजेडाच्या पट्ट्यांत फिका केशरी, सावलीच्या जागी किरमिजी. आणि डोंगराच्या कातळाखाली गडद तपकिरी. आकाशाच्या खाली अबोलीचा अगदी पातळ थर द्यावा. मग एक इंची चपट्या ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल या थरावर फिरवावे, म्हणजे रंग वितळून कागदाच्या दातांत मुरतो, अल्कोहोल काही मिनिटांत उडून जाते आणि वर नव्या थरासाठी दात मोकळे राहतात. ब्रश गडद भागातून उजळ भागात नेऊ नये; प्रत्येक भागानंतर तो पुसावा. या टप्प्यावर चित्र तांबडेलाल आणि काहीसे विचित्र दिसते, आणि नवशिका येथे घाबरून ते पुसायला निघतो. त्याने थोडा धीर धरावा. हिरव्याचा विरोधी रंग लाल आहे, आणि वरच्या हिरव्या फटकाऱ्यांमधून हा गेरू ठिपक्याठिपक्यांनी डोकावत राहिला की हिरव्याचा भडकपणा मरतो आणि त्याला मातीचा आधार मिळतो. खाचरातला भात तरी कशातून उगवलेला असतो?

यानंतर रंग चढवताना नेहमी टणक कांडीकडून मऊ कांडीकडे जावे. मऊ कांडी आधी वापरली तर कागदाचे दात भरून जातात आणि वर काहीच बसत नाही. भाताच्या मोठ्या पट्ट्यावर आधी मध्यम गडद असा निळसर हिरवा, तोही सर्वत्र नव्हे, तर गेरू कुठे कुठे उघडा ठेवून. त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा मंद हिरवा. त्यावर जिथे उजेड आहे तिथेच पोपटी. भात पोटरीत आला असेल, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी दांडा फुगला असेल, तर शेंड्यांकडे हिरव्यात पिवळसर झाक येऊ लागते. ती लिंबोणी कांडीने न दाखवता फिक्या हळदी रंगाने दाखवावी, कारण लिंबोणी थंड असते आणि त्या वेळचे ऊन उबदार असते. दूरच्या खाचरांत हिरव्यावर राखी-निळा अगदी हलका ओढावा, म्हणजे ती मागे सरकतात. जवळच्या खाचरात मात्र हिरव्याशेजारी जांभळ्याचा एखादा फटकारा सावलीत ठेवून पाहावा. दोन्हींचा उजळपणा सारखा असेल, तर तिथे सावली थरथरल्यासारखी दिसते आणि कोणत्याही एका हिरव्यातून जे मिळणार नाही ते मिळते.

बोटाने घासण्याचा मोह येथे फार होतो. घासल्याने रंगकण दातांत दाबले जातात, एकमेकांत मिसळून मळकट होतात आणि पृष्ठभागाची चमक जाते. दूरच्या डोंगरावरचे धुके असेल तेथे पॅकिंगमधल्या फोमच्या तुकड्याने हलकेच पुसावे. भातावर मात्र फटकारा जसा पडला तसाच राहू द्यावा. फटकाऱ्याची दिशाही महत्त्वाची आहे. खाचर सपाट आहे म्हणून आधीचे थर आडवे, आणि पाती उभ्या आहेत म्हणून शेवटचे थोडे फटकारे उभे, तेही फक्त पुढच्या भागात. प्रत्येक पात काढायला बसलो की शेत नाहीसे होते आणि गवताची जुडी उरते. बांधावर सोनकी फुललेली असेल तर ती अगदी शेवटी घ्यावी : सर्वांत मऊ पिवळी कांडी टोकाने कागदाला टेकवायची, किंचित दाबायची आणि उचलायची. रंगाचा छोटा उंचवटा कागदावर राहतो आणि उजेड त्याच्यावरच थांबतो.

एखादा भाग जड झाला, तर त्यावर आणखी रंग चढवू नये. राठ केसांच्या कोरड्या ब्रशने तो थर झटकून काढावा, खालचा गेरू पुन्हा दिसू लागला की नव्याने सुरू करावे. झटकताना आणि एकूणच रंगवताना कागद उभा किंवा किंचित पुढे झुकलेला ठेवावा, म्हणजे पूड चित्रावर न राहता खाली पडते. ती कधीही फुंकू नये. काही रंगद्रव्यांत कॅडमियम, कोबाल्ट यांसारखे धातू असतात आणि त्यांची पूड श्वासातून आत जाणे घातक आहे, म्हणून घरात काम करताना एन 95 मास्क वापरावा, हातमोजे घालावेत आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. कांड्या एकमेकींना लागून मळल्या, तर डब्यात तांदळाच्या कण्या घालून त्यात त्या हलकेच हलवाव्यात. मळ कण्यांना लागतो आणि रंग पुन्हा ओळखू येतो. त्या कण्या मग फेकूनच द्याव्यात, पाखरांनाही घालू नयेत.

फिक्सेटिव्हबद्दल, म्हणजे पूड कागदाला धरून ठेवण्यासाठी चित्रावर मारायच्या फवाऱ्याबद्दल, मतभेद आहेत. त्याने रंग, विशेषतः फिके रंग, गडद आणि निस्तेज होतात, हे निर्विवाद आहे. एडगर देगा हा फ्रेंच चित्रकार मात्र थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह मारून पुन्हा वर रंग चढवत असे, आणि त्यामुळेच त्याच्या नर्तकींच्या झग्यांत खालचा रंग वरच्या रंगाशी इतका बोलतो. आपणही हीच पद्धत घ्यावी : झाडांच्या रांगेतील गडद थरावर साधारण तीस सेंटिमीटर अंतरावरून एक पातळ फवारा, तो वाळल्यावर पुढचा थर, आणि शेवटच्या उजळ फटकाऱ्यांवर काहीही नाही.

फवारा नसलेले चित्र जपावे लागते, आणि आपल्या पावसाळ्यात तर जास्तच. काम होताच त्यावर ग्लासिन हा पातळ, गुळगुळीत कागद ठेवून ते दोन सपाट फळ्यांमध्ये आडवे ठेवावे. फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा राहील अशी पट्टी बसवायला सांगावी, आणि काच खरीच हवी. अॅक्रेलिकच्या पत्र्यात स्थिर वीज साठते आणि ती पूड ओढून घेते. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर पेस्टल टांगू नये, कारण कांडीतल्या डिंकावर बुरशी धरते.

बोर्डाखाली कागदाची पन्हाळ लावून ठेवली, तर पडलेली सारी पूड तिच्यात जमा होते. हातमोजे घालून तिच्यात थेंब थेंब शुद्ध पाणी घालावे, कणकेइतकी घट्ट झाली की वर्तमानपत्रावर वळून कांडी करावी आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्यावी. गेरू, हिरवा, जांभळा आणि अबोली अशा सगळ्यांचा मिळून एक कोमट करडा तयार होतो. तो त्याच चित्राच्या रंगांतून आलेला असल्याने त्या जागी केलेल्या पुढच्या चित्रात पावसाळी ढगांसाठी अगदी जुळून येतो, आणि असा करडा कोणत्याही पेटीत विकत मिळत नाही.