नवा ट्रक रोखीने घ्यावा की हप्त्याने? या चुका टाळा

व्याज नको म्हणून साठवलेला सगळा पैसा एका दिवसात शोरूममध्ये ओतायचा, ही सर्वांत महागात पडणारी चूक. ट्रक दारात उभा राहतो आणि टाकीत डिझेल भरायला उधारी करावी लागते. नवी गाडी पहिल्या दिवसापासून पैसा मागते: विमा, परवाने, ड्रायव्हरचा पगार, टोल. भाड्याचं बिल मात्र दीड-दोन महिन्यांनी हातात येतं. तेव्हा हिशेब असा मांडा: गाडीचे पैसे दिल्यावर तीन महिने एकही बिल वसूल झालं नाही, तरी चाकं फिरत राहतील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पूर्ण रोखीचा विचार सोडा. खेळतं भांडवल संपल्यावर काढलेलं तातडीचं कर्ज नव्या ट्रकच्या कर्जापेक्षा बहुतेक वेळा महागच असतं.

उलट बाजूची चूक म्हणजे नुसता हप्ता बघणं. ‘हप्ता किती बसेल?’ असं विचारलंत की समोरचा मुदत वाढवून तुम्हाला हवा तो आकडा देतो. घटत्या शिलकीवर (म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज) 12 टक्के दराने 3 वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर दर 100 मागे साधारण 19.6 व्याज जातं. तेच 5 वर्षांवर नेलं की 33.5. शिवाय 5 वर्षांच्या कर्जात 2 वर्षं हप्ते भरूनही 100 पैकी जवळजवळ 67 मुद्दल शिल्लकच असते. तेवढ्यात गाडी विकायची वेळ आली आणि भाव त्याहून खाली असला, तर फरक खिशातून भरावा लागतो. अपघातात गाडी पूर्ण गेली तरी तेच. विम्याचे पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात.

फ्लॅट रेटने तर भले भले फसतात. ‘फक्त 10 टक्के’ ऐकून माणूस खूश होतो. पण फ्लॅटमध्ये मुद्दल फिटत असतानाही व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं. 4 वर्षांत 100 वर 40 व्याज. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो! दोन कर्जांची तुलना करताना दोन्ही दर एकाच पद्धतीने मागून घ्या आणि प्रोसेसिंग फीही त्यात धरा.

बिनव्याजी योजनेचंही असंच. रोखीने 94 ला मिळणारी गाडी 24 बिनव्याजी हप्त्यांत 100 ला पडत असेल, तर ते वर्षाला 6 टक्के व्याजच झालं, फक्त किमतीत दडवलेलं. हा दर वाईट नाही, घ्यायला हरकत नाही. पण फुकट समजू नका. म्हणून आधी गाडीची किंमत पक्की करून लेखी घ्या. पैसे कसे देणार, हे नंतर सांगा.

बॉडीचा खर्च विसरू नका. कर्ज फक्त चेसिसपुरतं, म्हणजे बॉडी नसलेल्या नुसत्या सांगाड्यापुरतं, मंजूर झालं, तर बॉडी बांधून होईपर्यंत गाडी उभी आणि हप्ता मात्र सुरू. पहिला हप्ता कधीपासून, हे सही करण्याआधीच ठरवा.

आणि चूक होऊन गेली असेल तर?

हप्ता जड जात असेल तर तो चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याकडे जा. मुदत वाढवून मागता येते. दोन-तीन हप्ते थकल्यावर तेच बोलणं गाडी ओढून नेण्याच्या धमकीखाली करावं लागतं. हंगामात जास्तीचा पैसा आला आणि तो कर्जात भरायचा असेल, तर हप्ता कमी करून घेण्याऐवजी मुदत कमी करून घ्या, व्याज जास्त वाचतं. मुदतीआधी फेडण्यावर दंड आहे का, ते मात्र करारात आधी वाचा. रोखीने घेऊन हात रिकामे झाले असतील, तर बोजा नसलेल्या त्याच ट्रकवर कर्ज काढता येतं. गरजेपुरतंच काढा.

कर्ज फिटल्यावर ना-हरकत पत्र घेऊन नोंदणीवरचा बोजा लगेच उतरवा. पुष्कळ जण हे टाळतात आणि गाडी विकायच्या दिवशी गिऱ्हाईक समोर बसवून कागद शोधत बसतात.