बीडीएसनंतर अमेरिकेत डेंटल हायजिनिस्ट व्हायचं तर

डेंटल हायजिनिस्ट म्हणजे दवाखान्यात रुग्णांच्या दातांची सफाई करणारा प्रशिक्षित माणूस. त्याला सगळ्या अमेरिकेत चालेल असं एकच लायसन्स नसतं. प्रत्येक राज्याचं डेंटल बोर्ड वेगळं, नियम वेगळे. कॅलिफोर्नियात तर हायजिनिस्टांसाठी स्वतंत्र बोर्डच आहे. त्यामुळे कागद गोळा करायला लागण्याआधी पुढची चार-पाच वर्षं कुठे राहणार ते घरात ठरवून टाका. जोडीदाराची नोकरी टेक्सासहून न्यू जर्सीला हलणार असेल, तर टेक्सासचे नियम पाठ करून हाती काही लागत नाही.

सगळीकडे चालणारा रस्ता असा: ‘कोडा’ची, म्हणजे कमिशन ऑन डेंटल ॲक्रेडिटेशनची मान्यता असलेला डेंटल हायजीनचा कोर्स, मग नॅशनल बोर्डची लेखी परीक्षा, मग हातकामाची क्लिनिकल परीक्षा, आणि शेवटी राज्याचा अर्ज. बऱ्याच राज्यांत तिथल्या दंतकायद्याची छोटी परीक्षाही असते. कोर्स बहुधा कम्युनिटी कॉलेजात असोसिएट डिग्रीचा. मुख्य भाग दोन वर्षांचा दिसतो, पण आधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, इंग्रजी, सायकॉलॉजी हे विषय पुरे करावे लागतात, म्हणून हिशोब तीन वर्षांचा धरा. बीडीएसमध्ये हे शिकलो होतो, असं म्हणून सगळं माफ होत नाही. अनेक कॉलेजं विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने असले की पुन्हा करायला लावतात. प्रवेश बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच. तारीख हुकली की वर्ष गेलं.

फ्लोरिडाचा आडरस्ता बीडीएसवाल्यांच्या गप्पांत हमखास निघतो, आणि तो खरा आहे. परदेशी डेंटल कॉलेजातून पदवी घेतलेल्यांना तिथे हायजिनिस्टच्या परीक्षांना बसता येतं, हायजीनचा कोर्स न करता. मेख पुढे आहे. ‘कोडा’मान्य हायजीन डिप्लोमा नसेल तर हे लायसन्स दुसऱ्या राज्यात नेताना अनेक बोर्डं दार लावून घेतात. फ्लोरिडातच राहणार असाल तर उत्तम, नाहीतर कोर्सच करावा.

व्हिसाचं गणित आधीच मांडा. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, त्यासाठी स्टुडंट व्हिसा लागत नाही. नोकरीला मात्र वर्क परमिट हवं, आणि एच-४ वर ते साधारणपणे जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर मिळतं. हायजिनिस्टच्या कामाला बॅचलर डिग्री लागत नसल्याने त्या नोकरीवर स्वतःचा एच-१बी मिळेल ही आशा धरू नका. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर अर्ज स्वीकारणार का, हे बोर्डाला फोनवर नव्हे, ईमेलवर विचारा. लेखी उत्तर हाताशी राहतं.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती नावापाशी. मार्कशीटवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं. परीक्षेच्या दारावर ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव तंतोतंत जुळावं लागतं. म्हणून डेंटपिन काढतानाच (हा नंबर नॅशनल बोर्डला लागतो) पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं घाला. लग्नाचा दाखला इंग्रजीत तयार ठेवा आणि गुणपत्रिकांचं मूल्यांकन मागवताना तो सोबत जोडा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचं काम भारतात असतानाच उरकावं. इथून कुणाला तरी चकरा मारायला लावणं महाग पडतं.

हेपटायटिस बी चे तीन डोस सर्वसाधारण वेळापत्रकाने ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. कॉलेज प्रवेशाच्या वेळी रक्तातल्या अँटिबॉडीचा रिपोर्ट मागू शकतं, आणि तो १० mIU/mL च्या खाली आला तर पुन्हा डोस. हे शेवटच्या महिन्यात आठवून चालत नाही. बीएलएस सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास करायच्या तातडीच्या उपचाराचं) कार्ड दोन वर्षं चालतं. ऑनलाइन वाचून मिळालेलं बहुतेक ठिकाणी चालत नाही, हाताने प्रात्यक्षिक द्यावं लागतं.

लेखी परीक्षेत ३५० प्रश्न असतात. २०० सुटे, उरलेले १५० रुग्णांच्या केसवर: मेडिकल हिस्टरी, चार्टिंग, एक्स-रे, फोटो. पास व्हायला स्केलवर ७५ लागतात. बीडीएसवाले सुट्या प्रश्नांत सहज निघतात आणि केसमध्ये गुण घालवतात, कारण ते दंतवैद्याच्या डोक्याने विचार करतात. इथे प्रश्न ‘काय उपचार कराल’ असा नसून ‘हायजिनिस्टने आज या खुर्चीत काय करावं’ असा असतो. त्यातही कम्युनिटी डेंटल हेल्थ हा विषय आपल्याकडे झोपेत पास केलेला असतो. इथे तो उठून वाचा.

खरी कसोटी हाताची. अल्ट्रासॉनिक स्केलर (कंपनाने किटण काढणारं यंत्र) फिरवून सगळी सफाई केलेल्या हाताला ग्रेसी क्युरेट, म्हणजे हाताने किटण काढायचं पात्याचं हत्यार, परका असतो. दाढेच्या मेझियल (पुढच्या) बाजूला ११/१२ नंबरचं, डिस्टलला (मागच्या बाजूला) १३/१४. खालची शँक (पात्यालगतची दांडी) दाताच्या पृष्ठभागाला समांतर आली की पात्याचा कोन आपोआप बरोबर बसतो. बोटाचा टेकू दातावरच हवा, ओठावर किंवा गालावर नाही. किटणाच्या खाली पातं नेऊन एकच घट्ट, आखूड फटका द्यायचा. वरून हलके हलके खरवडत राहिलं की ते निघत नाही, पॉलिश होतं. बर्निश झालेलं, म्हणजे असं घासून गुळगुळीत झालेलं, ते कॅल्क्युलस (किटण) तुमच्या एक्सप्लोररला (तपासायच्या टोकदार सळईला) लागत नाही, परीक्षकाच्या एक्सप्लोररला मात्र सापडतं. पातं बोथट असेल तर हेच होतं. ॲक्रिलिकच्या काडीवर लावून पाहा: धारदार पातं रुततं, बोथट घसरतं. दगड आणि पात्याचा दर्शनी भाग यांच्यात १०० ते ११० अंश ठेवून धार लावा, टोक गोलच राहू द्या. हिरडीला इजा झाली तरी गुण कापले जातात, त्यामुळे घाईत जोर लावू नका. आता बऱ्याच राज्यांत माणसाऐवजी मॅनिकिनवरची परीक्षा चालते. आपल्या राज्यात कोणती, ते आधी पाहा.

कोर्समध्ये आणखी एक अडचण येते: रुग्ण. बऱ्याच कॉलेजांत ते विद्यार्थ्यानेच आणायचे असतात, तेही किटणाच्या ठरलेल्या प्रमाणाचे. दर सहा महिन्यांनी सफाई करून घेणारे शेजारी उपयोगाचे नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत चौकशी करा. भारतातून मुलांकडे आलेले आजी-आजोबा हे सोन्याची खाण. फक्त त्यांच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी आधी मागवा, नाहीतर त्या दिवशी खुर्ची रिकामी राहते.

लायसन्स हातात आलं तरी लोकल ॲनेस्थेशिया (भूल) द्यायला अनेक राज्यांत वेगळा परवाना लागतो. तो कोर्समधूनच मिळतो का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी लागणारे शिक्षणाचे तासही जागोजागी वेगळे: कॅलिफोर्नियात दोन वर्षांत २५, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत २४. प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये टाकत जा, बोर्ड तपासणीसाठी कधीही मागतं.