फ्लो सायटोमेट्री: रक्तातल्या टी पेशी मोजताना आधी कंट्रोलच्या ट्यूब भरा

फ्लो सायटोमीटर म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिच्यावरच्या रंगांचा उजेड मोजणारं मशीन. त्याचा स्लॉट मिळाला की सगळ्यांना सॅम्पल रन करायची घाई, पण डेटा बिघडतो तो बहुतेक वेळा त्याआधी ट्यूबमध्येच. सोपं काम धरू, रक्तातल्या सीडी४ आणि सीडी८ टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी, नावं त्यांच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून) मोजायच्यात.

जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधलं १०० मायक्रोलिटर रक्त घ्या, त्यात सीडी३ (हे सगळ्याच टी पेशींवर असतं), सीडी४, सीडी८ ला चिकटणाऱ्या, चमकणारा रंग लावलेल्या अँटीबॉडी टाका, तिघींचे रंग वेगळे हवेत, २०-३० मिनिटं अंधारात ठेवा, मग लायसिस बफरने लाल पेशी फोडा, १० मिनिटं बास, ३०० जी ला ५ मिनिटं फिरवा आणि धुवा. गुठळ्या दिसल्या तर ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, नाहीतर मशीन चोकअप होतं आणि पुढच्या स्लॉटवाल्याच्या शिव्या खाव्या लागतात.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या ट्यूब. एक ट्यूब बिनरंगाची आणि प्रत्येक रंगाची एकेक सिंगल (तिच्यात तो एकच रंग), एवढ्या हव्यातच. एफआयटीसी या हिरव्या रंगाचा उजेड पीई या नारिंगी रंगाच्या डिटेक्टरमध्येही सांडतो, तो किती सांडतोय हे सिंगल ट्यूबवरूनच कळतं आणि त्यावरूनच कॉम्पेन्सेशन, म्हणजे सांडलेला उजेड वजा करणं, होतं. नुसतं डोळ्याने प्लॉट सरळ दिसेपर्यंत आकडे हलवत बसणारे भेटतात, ते करू नका. सिंगल ट्यूबमधल्या पेशी निदान सॅम्पलइतक्या तरी चमकायला हव्यात. सीमारेषेवरची पेशी पॉझिटिव्ह धरायची की नाही असा घोळ असेल तर एफएमओ लावा, म्हणजे सगळे रंग घालायचे, फक्त शंका आहे तो सोडून.

मेलेल्या पेशी कुठलीही अँटीबॉडी चिकटवून घेतात, म्हणून रन करायच्या जरा आधी सेव्हन-एएडी हा मेलेल्या पेशींना रंगवणारा डाय घाला. पेशी फिक्स करणार, म्हणजे रसायनाने टिकवून ठेवणार असाल तर हा चालत नाही, त्यानंतरही टिकणारा फिक्सेबल डाय घ्या.

गेटिंग, म्हणजे प्लॉटवर हव्या त्या पेशी निवडणं, करताना आधी एफएससी (पेशीने पुढे फेकलेला उजेड, आकाराचा अंदाज देतो) एरिया विरुद्ध हाइट लावून जोडगोळ्या, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पेशी, वगळा, मग मेलेल्या वगळा, मग कमी साइड स्कॅटरवाल्या, म्हणजे बाजूला कमी उजेड फेकणाऱ्या, लिम्फोसाइट निवडा (टी पेशी यांच्यातच येतात), त्यातून सीडी३, आणि शेवटी सीडी४ विरुद्ध सीडी८. थेट सीडी४ वर उडी नको, मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही थोडं सीडी४ असतं, ते टी पेशींत मोजलं जाईल.

यातून टक्केवारी मिळते हां. एचआयव्हीच्या पेशंटला लागतो तसा दर मायक्रोलिटरचा आकडा हवा असेल तर संख्या माहीत असलेले बीड्स (बारीक मणी) घाला, आणि तेव्हा मात्र धुवायचं नाही, पेशी वाहून जातात.