बोअरचं जड पाणी घरात येतंय? या चुका टाळा

वाघोलीच्या नव्या घरी येऊन आठवडा झाला नव्हता, तोच आई म्हणाली, "अरे, या पाण्यात डाळ शिजत नाहीये." पुण्याच्या पेठेत आम्ही खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलो. धरणात साठलेलं पावसाचं ते पाणी हलकं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी इथल्या कितीतरी सोसायट्या अजून बोअर आणि टँकरवरच आहेत. बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या, भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं, म्हणजेच जड होतं, आणि मग घरोघरी त्याच त्या चुका होतात.

आईचं म्हणणं अगदी खरं होतं. डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं. अशा वेळी सर्रास चिमूटभर सोडा टाकला जातो. डाळ मऊ होते खरी, पण तिच्यातलं ब-१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. आरओ असेल तर डाळ भिजवायला आणि शिजवायला तेच पाणी घ्या, सोड्याची गरज उरत नाही.

पाण्यात तुरटी फिरवणं ही आणखी एक जुनी सवय. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले क्षार जिथल्या तिथेच राहतात.

टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टीडीएस मीटर पाण्यातल्या सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा मिळून एक आकडा दाखवतो. त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती, हे त्यावरून कळत नाही. सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारं मशीन, कॅल्शियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. आमच्या सोसायटीत याच आकड्यावरून चांगलं चालणारं मशीन बदलायचा ठराव येणार होता. जडपणा मोजायला थेंबांचं किट मिळतं: पाण्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

किट येईपर्यंत बाटलीत पाणी घ्या, अंघोळीच्या साबणाचा किस टाका आणि जोरात हलवा. फेसाऐवजी दुधी साका तरंगला, तर पाणी जड आहे. अंघोळीनंतर अंगावर आणि केसांत चिकट वाटतं तो हाच साका. अशा वेळी साबण वाढवला की साकाही वाढतो.

जड पाण्याने मुतखडा होईल या धास्तीने पाणी कमी पिणारी माणसंही मी पाहिली आहेत. हे फार वाईट, कारण कमी पाणी पिण्यानेच खड्याचा धोका वाढतो.

गीझर आणि नळ

पाणी जितकं जास्त तापतं, तितका कॅल्शियमचा थर लवकर बसतो. म्हणून थर्मोस्टॅट ७०-७५ अंशांवर ठेवू नका, ५०-५५ पुरतात. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, गीझर कडकड वाजतो, वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते. मेकॅनिक कॉइल बदलून निघून जातो. आतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड कुणी बघतच नाही. टाकीला गंज लागू नये म्हणून तो स्वतः झिजतो. वर्षातून एकदा वीज बंद करून, टाकी रिकामी करून तो तपासायला सांगा, आणि तळाचा चुराही काढून घ्या.

नळावरचे पांढरे डाग घालवायला संडासाचं अ‍ॅसिड वापरू नका, क्रोमचा मुलामा कायमचा जातो. गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवा, त्यात फडकं भिजवून अर्धा तास नळाला गुंडाळून ठेवा. संगमरवर, कोटा किंवा कडप्प्यावर मात्र तेही नको, दगड खाल्ला जातो. कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

फिल्टर घेण्याआधी हिशेब करा

जडपणा ३०० असेल तर २० लिटरच्या एका बादलीत ६ ग्रॅम क्षार असतात. माणशी १३५ लिटर धरले, तर चौघांच्या घरात रोज सुमारे १६० ग्रॅम. शॉवरला लावायच्या मुठीएवढ्या काडतुसात हे किती दिवस मावणार? ते क्लोरिनचा वास कमी करू शकतं, एवढंच.

खरा उपाय सॉफ्टनरच, पण त्याला मीठ वेळेवर लागतं. मिठाच्या पाण्याने रेझिन (कॅल्शियम धरून ठेवणारे आतले मणी) धुतलं नाही, तर मशीन चालू दिसतं आणि नळाला मात्र जड पाणीच येतं. सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम वाढलेलं असतं, म्हणून ते कुंड्यांना घालू नका. घरात मीठ कमी खाणारं कुणी असेल, तर त्यांच्यासाठी आरओचंच पाणी ठेवा. आमच्याकडे आता दर रविवारी मशीनच्या आधीच्या आणि नंतरच्या पाण्यात थेंब टाकून दोन्ही आकडे लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहितात. नंतरचा आकडा ५०च्या वर गेला, की त्याच दिवशी मीठ पडतं.