कॉलेज प्रवेशाची तयारी करून घेताना पालकांनी या चुका टाळा

शाळेची शेवटची दोन वर्षं सुरू झाली की पालक जे काही करतात ते काळजीपोटीच करतात. तरी त्यातल्या काही गोष्टींनी तयारी सुधारण्याऐवजी बिघडते.

सगळ्यात महागात पडते ती झोप कापण्याची चूक. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप हवी, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची 2016 ची शिफारस आहे. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, म्हणून मूल अकरा वाजेपर्यंत टक्क जागं असतं आणि सकाळी त्याला उठवत नाही. हा आळस नव्हे. शिवाय दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं. त्यामुळे वेळापत्रकात आधी झोप मांडा, मग अभ्यास. सगळं बसत नसेल तर एखादा क्लास किंवा एखादी स्पर्धा सोडून द्या, झोपेला हात लावू नका.

दुसरी तक्रार नेहमी ऐकू येते: "एवढा अभ्यास करतो, पण गुण वाढत नाहीत." अशा वेळी मूल अभ्यास कसा करतंय ते बघा. बहुतेकदा तोच धडा पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं चाललेलं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. वाचून झाल्या झाल्या 'येतंय' असं वाटतं, ते असं फसवं असतं. म्हणून पुस्तक मिटून लिहायला सांगा. सराव परीक्षेत चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारणही लिहून घ्या: कळलं नव्हतं, घाई झाली की वेळ पुरला नाही. पुढची परीक्षा त्यानंतरच.

अर्जात दिसावं म्हणून चार नवे उपक्रम गळ्यात मारू नका. मनापासून केलेला एखादाच पुरतो.

अर्जासोबत निबंध मागितला असेल तर पालकांचा हात हमखास शिवशिवतो. मूल लिहितं, "मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे." ते वाक्य भारदस्त करून देण्याऐवजी विचारा, "कोणाला शिकवलंस? काय अडलं?" मग कळतं, की धाकट्या बहिणीला अपूर्णांक समजेनात, तेव्हा त्याने कागदाच्या पट्ट्या कापून समोर ठेवल्या होत्या. निबंध तिथून सुरू व्हायला हवा. शुद्धलेखन जरूर तपासा, पण वाक्यं त्याचीच राहू द्या.

एकाच नावाजलेल्या कॉलेजवर सगळी भिस्त ठेवू नका. यादीत प्रवेशाची बऱ्यापैकी खात्री असलेली एक-दोन कॉलेजं हवीतच, आणि तीही मुलाला मनापासून आवडलेली.

प्रवेशाचा विषय घरात रोज निघत असेल तर आठवड्यातली एक वेळ ठरवा. अर्जांच्या तारखा, फॉर्म, शंका सगळं तेव्हाच बोला. इतर दिवशी मुलाशी दुसरं काहीही बोला.

एवढं करूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, मित्र नकोसे झाले असतील किंवा चिडचिड थांबत नसेल, तर अभ्यासाचा तगादा बंद करून समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं झाल्याची भाषा तोंडून आली तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्याला एकटं न सोडता लगेच मदत मिळवा.