जुन्या प्लॅस्टिकमधून शाईचं पेन: नागपुरात शिकणाऱ्यांसाठी

लेथवर पहिलं पेन करायचं तर एबोनाइटचंच, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचंच, करा. सेल्युलॉइडचे, म्हणजे कापूर घातलेल्या जुन्या प्लॅस्टिकचे, रॉड कितीही देखणे असले तरी ते नवख्या हातासाठी नाहीत.

जुन्या साठ्यातला रॉड कशाचा, हे आधी ओळखा. अंगठ्याने जोरात घासून लगेच वास घ्या: कापराचा आला तर सेल्युलॉइड, गंधकाचा आला तर एबोनाइट. तापलेली सुई टोचून बघू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. त्याचा कीस लेथखाली साचू देऊ नका. पाण्याच्या डब्यात टाका. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना हिंगण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे रॉड ठेवायचे नाहीत.

बॅरलसाठी, म्हणजे पेनच्या मुख्य नळीसाठी, १६ मिमीचा रॉड घ्या. ९ मिमीचं ड्रिल मंद गतीत, दर ३-४ मिमीला बाहेर काढून कीस झटकत चालवा. सलग दाबलं की माल तापतो, भोक मोठं होतं आणि मग आतले एम १० × १ चे (१० मिमी व्यास, १ मिमी अंतर) आटे ढिले बसतात. टोपणाच्या बाजूला १३ × ०.८ चे तिहेरी (तीन समांतर धारांचे) आटे पाडायचे असतील तर ती जागा १२.९ मिमीवर आणा. पूर्ण १३ ठेवली तर आट्यांची टोकं फाटतात. डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या मागच्या सरकत्या टोकाच्या, आधारानेच सरळ लावा. आतले-बाहेरचे आटे पाडून झाले की मध्ये जेमतेम १ मिमी भिंत उरते. पेन फुटतं ते बहुतेक इथेच.

सेल्युलॉइडला भोक पाडल्यावर आटे लगेच पाडू नका. आतला कापूर आणि उरलेला द्रावक उडत राहतो, माल आकसतो आणि नीट बसणारं टोपण पुढे अडकतं. इतवारीतल्या सराफाकडे असतो तसला छोटा वजनकाटा घ्या. दर आठवड्याला तुकडा तोलून आकडा लिहा. वजन घटायचं थांबलं की आटे पाडा. याला कित्येक महिने लागू शकतात, पण घाई केली तर सगळा माल वाया जातो. असे तुकडे हवाबंद डब्यात किंवा निब-क्लिपांजवळ ठेवू नका. त्यांच्या वाफेने धातू गंजतो.

केसीन दुधातल्या प्रथिनाचं असतं आणि ते पाणी पितं. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात छान बसलेले आटे पावसाळ्यात घट्ट होतात, म्हणून ते किंचित सैल ठेवा, पॉलिश पेपरही कोरडाच वापरा. शाई लागणारा भाग, म्हणजे सेक्शन, केसीनचा कधीच करू नका. तो एबोनाइटचा करा. एबोनाइटला पाण्याचा पेपर चालतो, ४०० पासून २००० पर्यंत. मात्र तयार पेन उन्हात ठेवू नका, काळा रंग तपकिरी-हिरवट होतो.

एबोनाइटच्या बॅरलमध्ये थेट शाई भरायची असेल तर सेक्शनच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा आणि पेन रात्रभर निब खाली करून टिश्यूवर उभं ठेवा. उन्हाळ्यात अर्धं रिकामं पेन खिशात तापलं की आतली हवा फुगून शाई बाहेर ढकलते, त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाला कन्व्हर्टरच (आत बसणारी शाईची छोटी सुटी नळी) बसवून द्या.